वळूचे शुक्राणू: दोष मोजण्याआधी ओळखावेत

वळूची पैदासक्षमता तपासताना शुक्राणूंची ठेवण सर्वांत शेवटी पाहिली जाते, पण निकाल बहुतेक वेळा तिच्यावरच ठरतो. अंगाने भरलेला, पायांत जोर असलेला, माजावरच्या गाईवर झटकन चढणारा वळूही पैदाशीला निकामी निघू शकतो. त्याच्या रेतातल्या शुक्राणूंची डोकी विद्रूप असतात, शेपट्या गुंडाळलेल्या असतात, किंवा डोके एकीकडे आणि शेपूट दुसरीकडे पडलेली असते. गोठ्यात उभे राहून यातले काही दिसत नाही. दिसते ते एवढेच की गाई सुमारे २१ दिवसांनी पुन्हा माजावर येतात, म्हणजे उलटतात. मग दोष गाईच्या माथी जातो, तिला औषधे दिली जातात, नवस बोलले जातात, आणि शेवटी तिला बाजार दाखवला जातो. पाचगणीच्या आसपासच्या डोंगरी वाड्यांपासून खाली वाई, खटाव, माण आणि पुढे सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी-जतपर्यंत वळू तपासत फिरणाऱ्या पशुवैद्यकाला हे चित्र वर्षानुवर्षे दिसते. या कामाने शिकवलेले धडे एकत्र मांडले, तर त्यांतला मुख्य धडा असा: सदोष शुक्राणू किती, हे विचारण्याआधी ते कोणत्या प्रकारचे, हे विचारावे. प्रकार कळला की कारण कळते, आणि कारण कळले की वळूचे पुढे काय करायचे ते ठरते.

या पट्ट्याला दोन हवामाने आहेत. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवर आहे. पावसाळाभर तिथे धुके आणि संततधार, हिवाळ्यात पहाटे बोचरा गारठा. पसरणीचा घाट उतरून वाईत आले की कृष्णाकाठ लागतो, आणि तिथून पूर्वेला जावे तसा पाऊस आटत जातो. माणदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. खिलार जनावराचे घर हेच: म्हसवड, आटपाडी, जत आणि शेजारचा सांगोला. डोंगरावर लहान चणीची गावठी गुरे आणि जर्सी-होल्स्टिनच्या संकरित गाई असतात. कृत्रिम रेतनाची सोय बऱ्याच गावांत पोहोचली असली, तरी विखुरलेल्या वाड्यांत, रानात चरायला सोडलेल्या गुरांत आणि खिलार सांभाळणाऱ्यांच्या दावणीला वळूच गाय भरवतो. त्याच्या शिंगांची, वशिंडाची आणि चालीची गावभर चर्चा होते. त्याच्या रेताची होत नाही.

शर्यतींमुळे या वळूंचे मोल बदलत गेले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यती बंद झाल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रात त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. खिलार खोंडांची मागणी पुन्हा वाढली. खरसुंडी, म्हसवड, पुसेगाव या यात्रांच्या बाजारांत जनावर पारखणारी जाणती माणसे आजही दात, खूर, कातडी आणि नजर पाहून वय आणि जात अचूक सांगतात. मात्र वेग, देखणेपण आणि पैदासक्षमता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन बाजारात दिसतात. तिसरी तपासावी लागते.

पूर्ण तपासणीचा क्रम ठरलेला आहे. आधी वळूची हकीकत विचारली जाते: वय काय, किती गाई भरवल्या, किती उलटल्या, मागच्या दोन-तीन महिन्यांत ताप, लंगडेपणा, प्रवास, औषधोपचार काय झाले. मग डोळे, दात, खूर, सांधे आणि चाल पाहतात, कारण मागच्या पायाने अधू वळू रेत चांगले असूनही गाईवर चढू शकत नाही. त्यानंतर अंडकोष हाताने चाचपतात. दोन्ही वृषणे सारखी आहेत का, घट्ट आहेत की मऊ पडली आहेत, कोशात सैल हलतात का, वृषणाला लागून असलेल्या अधिवृषणात गाठ आहे का, हे पाहून फीत लावून घेर मोजतात. गुदद्वारातून हात घालून आतल्या ग्रंथी तपासतात आणि शिश्न व त्यावरील आवरण पाहतात. शेवटी रेत गोळा करून त्याची हालचाल आणि शुक्राणूंची ठेवण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली जाते. अमेरिकेतील पशुप्रजननतज्ज्ञांच्या संस्थेने १९९३ मध्ये रूढ केलेली किमान अट जगभर वापरली जाते: सरळ पुढे जाणारे शुक्राणू किमान ३० टक्के, निकोप ठेवणीचे किमान ७० टक्के, आणि वयानुसार अंडकोषाचा किमान घेर. हा घेर १५ महिन्यांपर्यंतच्या वळूला ३० सेंटिमीटर आणि दोन वर्षांवरच्या वळूला ३४ सेंटिमीटर धरला आहे.

घेराचा हा तक्ता खिलार वळूला जसाच्या तसा लावणे अन्यायाचे आहे. तो मुख्यतः वशिंड नसलेल्या विलायती जातींवर बेतलेला आहे. देशी वशिंडाची जनावरे उशिरा वयात येतात आणि त्याच वयाच्या विलायती वळूपेक्षा त्यांचा घेर कमी असतो. त्यात गावाकडे जन्मतारीख क्वचितच लिहिलेली असते. वय दातांवरून सांगतात: दुधाचे दात असलेला आदत, दोन पक्के दात आलेला दुसा, चार आले की चौसा. म्हणून आदत किंवा नुकत्याच दुसा झालेल्या खोंडाचा घेर कमी भरला, तर त्याला लगेच नापास करू नये. त्याच जातीच्या, त्याच वयाच्या, त्याच चाऱ्यावरच्या खोंडांशी तुलना करावी आणि वृषणाचा घट्टपणा व शुक्राणूंची ठेवण यांवर भर द्यावा. घेर लहान आणि वृषण मऊ, असे दोन्ही एकत्र आढळले तर मात्र चिंतेचे कारण असते.

रेत हाती आल्यावर पहिली लढाई तापमानाशी असते. शुक्राणू थंडीला फार हळवे असतात. पाचगणीत डिसेंबरच्या सकाळी उघड्या गोठ्यात गार काचपट्टीवर थेंब टाकला, की काही क्षणांत हालचाल मंदावते आणि शेपट्या वाकतात. असा नमुना पाहणाऱ्याला वळू दोषी वाटतो. प्रत्यक्षात दोष काचपट्टीचा असतो. म्हणून रेत धरायची नळी, काचपट्टी, रंगद्रव आणि झाकणाची काच हे सगळे सुमारे ३७ अंश सेल्सिअसवर ठेवावे लागते. वीज नसलेल्या वाडीवर थर्मासमधले कोमट पाणी, थर्मामीटर आणि वाऱ्याला पाठ केलेली जागा यांवर काम भागते. उन्हाळ्यात माणदेशात उलटी काळजी घ्यावी लागते. उन्हात तापलेल्या गाडीच्या बोनेटवर ठेवलेला नमुना तितक्याच लवकर वाया जातो. पाणी, घाम, लघवी किंवा साबणाचा अंश मिसळला तरी शेपट्या वेटोळ्या होतात. शंका आली की दुसरा नमुना घ्यावा, आणि एक थेंब फॉर्मॉल सलाइनमध्ये घालून जागच्या जागी स्थिर करून ठेवावा. त्यात शुक्राणू ज्या रूपात बाहेर आले त्याच रूपात राहतात आणि नंतर निवांत पाहता येतात.

रंगवण्यासाठी बहुतेक ठिकाणी इओसिन-निग्रोसिन वापरतात. निग्रोसिनची काळसर पार्श्वभूमी तयार होते. रंग घेताना जिवंत असलेले शुक्राणू पांढरे राहतात, मेलेले गुलाबी होतात. पट्टी पातळ ओढून लगेच वाळवावी लागते. मग तेलातल्या भिंगाखाली १००० पट मोठे करून एकेक शुक्राणू पाहायचा आणि नोंदवायचा. किती मोजायचे, हा प्रश्न किरकोळ नाही. १०० मोजले आणि ७० निकोप निघाले, तर केवळ योगायोगाच्या गणिताने खरा आकडा सुमारे ६१ ते ७९ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. २०० मोजले तर ही पट्टी ६४ ते ७६ पर्यंत आवळते, ४०० मोजले तर ६६ ते ७४ पर्यंत. वळू उघड चांगला किंवा उघड वाईट असेल तर १०० पुरतात. जो उंबरठ्यावर आहे त्याच्यासाठी दम धरून मोजत राहावे लागते, कारण एका कुटुंबाची मोठी रक्कम त्या निकालावर अवलंबून असते.

निकोप शुक्राणू एकदा डोळ्यांत बसला की दोष आपोआप नजरेत भरतात. त्याचे डोके चपटे, लांबट गोल, सुमारे ९ मायक्रॉन लांब आणि साडेचार मायक्रॉन रुंद असते. डोक्याच्या पुढच्या अर्ध्यावर ॲक्रोसोमची टोपी असते; तिच्यातली विकरे बीजांडाचे आवरण भेदायला लागतात. डोक्यात पित्याचा आनुवंशिक वारसा घट्ट बांधलेला असतो. मधल्या भागाभोवती ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांचा वेढा असतो आणि त्यामागे लांब शेपूट. वृषणातल्या मूळ पेशीपासून असा शुक्राणू घडायला ६१ दिवस लागतात. त्यानंतर अधिवृषणातून पुढे सरकत तो पक्व व्हायला साधारण ८ ते ११ दिवस. या कामासाठी वृषणांचे तापमान शरीरापेक्षा २ ते ६ अंशांनी कमी राहावे लागते. अंडकोष शरीराबाहेर लोंबण्याचे कारण तेच.

घडण्याचे ६१ दिवस आणि पक्व होण्याचे ८ ते ११ दिवस, या दोन आकड्यांवर सगळी परीक्षा उभी आहे. आज हाती आलेल्या रेतात मागच्या सुमारे ७० दिवसांचा हिशेब असतो. माणदेशातून मे महिन्याच्या अखेरीस विकत घेऊन घाटावर आणलेल्या वळूचे उदाहरण या भागात पुन्हा पुन्हा भेटते. जूनच्या मध्यात पाचगणीकडे पाऊस सुरू झालेला असतो, हवा थंड, चारा हिरवा, वळू तजेलदार दिसतो. आणि तरी पट्टीवर डोक्यांचे दोष भरपूर निघतात. मालक म्हणतो, इथे तर त्याला उकाडा नाहीच. ते खरे असते. पण पट्टीवरचे शुक्राणू एप्रिल-मेच्या उन्हात, पत्र्याच्या शेडखाली घडलेले असतात. असा वळू दोन-अडीच महिने सावलीत ठेवून ऑगस्टच्या अखेरीस पुन्हा तपासला की पुष्कळदा स्वच्छ निघतो. टक्केवारीवर बोट ठेवून निकाल देणारा तपासनीस अशा एखाद्या प्रकरणानंतर तारखा विचारू लागतो. या धंद्यातले खरे वळण ते.

दोषांची वर्गवारीही काळानुसार बदलली. डॅनिश पशुवैद्यक एरिक ब्लोम यांनी १९५० मध्ये दोषांचे मूळ पाहून दोन गट केले: वृषणात घडताना झालेले प्राथमिक दोष आणि वृषणातून बाहेर पडल्यावर झालेले दुय्यम दोष. पुढे १९७३ मध्ये त्यांनीच गर्भधारणेवरच्या परिणामानुसार मोठे आणि किरकोळ अशी मांडणी केली. अमेरिकेतील सॅकी यांच्या संशोधनातून तिसरी दृष्टी आली. काही सदोष शुक्राणू बीजांडापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यांची उणीव जास्त शुक्राणू सोडून भरून निघते. काही मात्र पोहोचतात, फलन करतात किंवा दुसऱ्यांची वाट अडवतात, आणि बनलेला गर्भ काही दिवसांत मरतो. ही उणीव संख्येने भरून निघत नाही. गावात काम करणाऱ्याला हा फरक फार उपयोगी पडतो. गाई नेमक्या २१ दिवसांच्या आसपास उलटत असतील, तर फलनच होत नसण्याची किंवा गर्भ फार लवकर जिरण्याची शक्यता असते. काही गाई महिना-सव्वा महिन्याने उलटत असतील, तर गर्भ राहून जिरत असावा असे वाटते, आणि मग डोक्याच्या दोषांकडे अधिक बारकाईने पाहावे लागते.

डोक्याचे दोष सर्वांत गंभीर. बुडाशी निमुळते झालेले नासपतीसारखे डोके, अरुंद डोके, खुजे डोके, दुहेरी डोके, आणि ॲक्रोसोमच्या कडेने ओळीत दिसणाऱ्या बारीक पोकळ्या, हे सगळे वृषणात काहीतरी बिघडल्याचे सांगतात. अंडकोषाला उबदार आवरण बांधून केलेल्या प्रयोगांतून या दोषांचा क्रम नीट कळला आहे. उष्णतेनंतर पहिल्या आठवडा-दीड आठवड्यात अधिवृषणात साठलेल्या शुक्राणूंवरचा परिणाम दिसतो: सुटी डोकी, वाकलेल्या शेपट्या. डोक्यांतल्या पोकळ्या आणि नासपतीसारखी डोकी दोन-तीन आठवड्यांनी वर येतात. उष्णता थोडा वेळच लागली असेल तर सहा आठवड्यांच्या सुमारास चित्र निवळते. उष्णता उन्हाचीच असावी असे नाही, तापाचीही असते. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाची साथ आली तेव्हा सातारा-सांगलीतल्या वळूंनाही तिने गाठले. ताप उतरला, गाठी वाळल्या, वळू खाऊ लागला, की मालक तो बरा झाला असे धरतात. पण तापाचा फटका रेतात त्यानंतर काही आठवडे दिसत राहतो, काही वळूंच्या वृषणांचे कायमचे नुकसान होते, आणि लम्पीचा विषाणू रेतातूनही बाहेर पडतो. लाळ्या-खुरकुतानंतरच्या तापाचेही असेच. अशा वळूला गाईंपासून लांब ठेवून दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा तपासणे हाच सरळ मार्ग आहे.

यात्रेसाठी सजवून-पोसून आणलेल्या वळूंचा एक वेगळा प्रश्न असतो. दूध, अंडी, उडीद, पेंड यांवर पोसलेला वळू अंगाने गोटीबंद दिसतो, पण अंडकोषाच्या वरच्या मानेत चरबी साठते. वृषणाकडे जाणारे रक्त तिथेच थंड व्हायचे असते. चरबीमुळे ते नीट थंड होत नाही. वळू सावलीत उभा असला तरी त्याची वृषणे उबेत राहतात. अशा वळूच्या पट्टीवर उन्हाळ्यासारखेच दोष हिवाळ्यातही दिसतात. त्याला औषध नाही; खुराक आटोक्यात आणून रोज चालवणे हाच उपाय.

मधल्या भागाचे दोष हालचाल मारतात. तिथला वेढा तुटलेला, खडबडीत किंवा मळसूत्री झालेला असला की शुक्राणू जागेवरच थरथरतो. या भागात त्याचे एक कारण दावणीतच सापडते: सरकी. कपाशीच्या बियांत गॉसिपॉल हे द्रव्य असते. ते सतत आणि भरपूर पोटात गेले तर वळूच्या शुक्राणूंच्या मधल्या भागाचा वेढा नीट घडत नाही. कच्च्या सरकीत मोकळे गॉसिपॉल अधिक असते, उष्णतेतून गेलेल्या पेंडीत कमी. गाईच्या दुधासाठी सरकी चांगली, म्हणून तीच वळूला जास्त घातली जाते. मधल्या भागाचे दोष ठळक दिसले, की आधी खुराकाची चौकशी करावी. सरकी थांबवून दोन-अडीच महिन्यांनी पट्टी सुधारली, तर कारण सापडले असे समजावे.

शेपटीचे दोष वाचताना सर्वांत जास्त सावधपणा लागतो, कारण खरे आणि खोटे दोष इथे मिसळतात. मधल्या भागाच्या टोकाशी शेपूट मागे वळलेली दिसते, त्या वळणात जीवद्रव्याचा थेंब अडकलेला असेल, तर वाकणे अधिवृषणातच झाले आहे; तो खरा दोष. थेंब नसेल आणि जवळपास सगळ्याच शेपट्या वाकलेल्या असतील, तर थंडी, पाणी किंवा रंगद्रव यांचा संशय धरून नमुना पुन्हा घ्यावा. फॉर्मॉल सलाइनमध्ये ठेवलेला थेंब अशा वेळी निवाडा करतो.

जीवद्रव्याचा थेंब स्वतःही एक खूण आहे. शुक्राणू पक्व होताना हा थेंब मानेपाशी असतो, मग शेपटीकडे सरकतो आणि गळतो. मानेपाशीच राहिलेले थेंब खूप दिसले आणि वळू आदत किंवा दुसा असला, तर तो अजून पुरता वयात आलेला नाही इतकाच अर्थ बहुधा असतो. अशा खोंडाला नापास न करता दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात. हेच थेंब चौसा किंवा त्याहून मोठ्या वळूत टिकून दिसले, तर वृषणाचे काम बिघडलेले असते. खाली सरकलेले थेंब मात्र किरकोळ मानले जातात. म्हणून अहवालात नुसते थेंब असे लिहिणे अपुरे. कुठे, हे लिहिले पाहिजे.

सुटी डोकी दिसली की वळू किती दिवस बांधून होता, हे विचारावे. महिनोन्महिने गाय न दाखवलेल्या वळूच्या अधिवृषणात जुने शुक्राणू साठून मोडतात. पहिल्या नमुन्यात मेलेले शुक्राणू आणि सुटी डोकी भरपूर येतात. त्याच्याकडून लागोपाठ काही नमुने घेतले की पट्टी स्वच्छ होत जाते. लागोपाठ नमुने घेऊनही सुटी डोकी तशीच राहिली, तर दोष खोलवरचा समजावा. रेतात पांढऱ्या पेशी आणि पू दिसला, अंडकोषाची एक बाजू सुजलेली लागली, तर ब्रुसेल्ला तपासून घ्यावा. हा आजार माणसालाही होतो. हातमोजे घातल्याशिवाय अशा वळूला हात लावू नये.

औषधांचा परिणाम पट्टीवर उघडा पडतो, पण तो शोधायला विश्वास मिळवावा लागतो. धावताना पाय मुरगळलेल्या वळूला सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शने दिली जातात. डेक्सामेथासोन काही दिवस दिलेल्या वळूंच्या रेतात उष्णतेनंतर दिसतात तशाच दोषांची रांग लागते, हे प्रयोगांत दिसले आहे. ताकद यावी म्हणून टोचलेली पुरुष-संप्रेरकेही वृषणांचे स्वतःचे काम दाबून टाकतात. मालक हे सहज सांगत नाही. तपासणाऱ्याने दटावण्यापेक्षा तारखा विचारल्या, तर बहुतेक वेळा खरे कळते, आणि वळू वाचतो.

काही दोष मात्र उन्हाचे नसतात, खुराकाचे नसतात. ते रक्तातले असतात. ॲक्रोसोमच्या टोकाला गाठ येण्याचा दोष फ्रिझियन वळूंमध्ये वारशाने येतो, हे १९४० च्या दशकापासून माहीत आहे. गर्न्सी जातीत डोके तुटण्याचा दोष वारशाने आढळला. मधल्या भागाचा डॅग दोष ब्लोम यांनी १९६६ मध्ये डेन्मार्कमधील एका जर्सी वळूत वर्णन केला. दोषाला नाव पडले ते त्या वळूचेच. अशा दोषांची ओळख अशी की एकाच प्रकारचा दोष फार मोठ्या प्रमाणात दिसतो आणि महिनोन्महिने कमी होत नाही. तपासणी दोन-तीनदा करूनच हा निष्कर्ष काढावा, कारण ॲक्रोसोमची गाठ उष्णतेनेही येते. निष्कर्ष पक्का झाला तर तो वळू पैदाशीतून काढून, खच्ची करून, कामाला लावावा. एकाच वळूवर सारे गाव चालते तिथे हे अधिक महत्त्वाचे. त्याच्याच कालवडी पुढे त्याच्याकडे किंवा त्याच्या खोंडाकडे जातात, आणि लपलेला दोष दोन्ही बाजूंनी एकत्र येऊन उघडा पडतो.

कृत्रिम रेतनाच्या बाजूला ही दक्षता आधीच आहे. उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या बाएफने गोठित रेतनाचे काम खेड्यांपर्यंत नेले. आज रेत केंद्रांवर वळू वरचेवर तपासले जातात, रोगांच्या चाचण्या होतात, आणि केंद्र सरकारच्या नियमांनुसार प्रत्येक मात्रेत किमान २ कोटी शुक्राणू असावे लागतात; गोठवून वितळवल्यावर किमान निम्मे हलते राहावे लागतात. पाव मिलिलिटरची ती कांडी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून वाडीपर्यंत येते. गावच्या वळूवर असा कोणताही पहारा नाही. शिरवळला १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. प्रशिक्षित हात जिल्ह्यात आहेत. कमी आहे ती वळू तपासून घेण्याची सवय.

निकाल तीन प्रकारचे असतात: योग्य, अयोग्य आणि राखून ठेवलेला. तिसऱ्या प्रकाराबद्दल मालकांची नाराजी असते. पैसे मोजले, दिवस मोडला, आणि डॉक्टर म्हणतात दोन महिन्यांनी या. तरीही हा निकाल सर्वांत प्रामाणिक असतो, कारण शुक्राणू घडायला लागणारा वेळ कोणालाच कमी करता येत नाही. निकाल सांगताना नुसता आकडा सांगू नये. चाळीस टक्के खराब, असे म्हटले की मालकाला वळू गेला असे वाटते. त्यातले बहुतेक उन्हाळ्याचे आहेत, सावली करा, सरकी कमी करा, अमुक तारखेला पुन्हा आणा, असे सांगितले की तो घरी जाऊन काहीतरी करतो. उलट नापास वळूच्या मालकाची समजूत काढताना गुळमुळीत बोलणे घातक ठरते. प्रतिष्ठेचा वळू असला, शर्यतीत नाव कमावलेला असला, तरी अयोग्य तो अयोग्य, असे तोंडावर सांगावे लागते. नाहीतर पुढच्या हंगामात त्याची किंमत दुसऱ्यांच्या गाई मोजतात. वळू एक असतो, त्याच्या मागे रिकाम्या राहणाऱ्या गाई अनेक. एक गाय एक वेत चुकली, की त्या घरातले वर्षाचे दूध आणि एक वासरू जाते.

म्हणून वळू पाळणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी चार गोष्टी कराव्यात. गाई भरवण्याच्या हंगामाच्या निदान दोन-अडीच महिने आधी वळू तपासावा, म्हणजे दोष निघाला तर सुधारायला वेळ राहतो. त्याचा ताप, लंगडेपणा, इंजेक्शने, प्रवास आणि खुराकातले बदल तारखेनिशी वहीत लिहावेत. उन्हाळ्यात पत्र्यावर पाचट टाकून, पाणी मारून सावली गार ठेवावी. आणि बाजारात वळू घेताना तपासणीचा दाखला मागावा, त्यावर सदोष शुक्राणूंचे प्रकार लिहिलेत का ते पाहावे, आणि दाखल्याची तारीख वाचावी. तीन महिन्यांपूर्वीचा दाखला आजच्या रेताबद्दल काही सांगत नाही.